पॉम्पेई स्वतःच्या नकाशाने: गाइडशिवाय एक पूर्ण दिवस

पॉम्पेई म्हणजे इटलीतल्या नेपल्सजवळचे, इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले रोमन शहर. तिथे जाणारे बहुतेक लोक रोमहून पहाटेची बस पकडतात, झेंडा उंचावलेल्या गाइडच्या मागे दोन तास धावतात आणि संध्याकाळी परत निघतात. फोरम म्हणजे शहराचा मुख्य चौक, वेश्यागृह, मृतांचे दोन-चार प्लास्टरचे साचे, फोटो, संपले. हे शहर सुमारे 66 हेक्टरवर पसरलेले आहे आणि त्याचा दोन तृतीयांश भाग उत्खननातून मोकळा झालेला आहे. रस्ते, दुकाने, भट्ट्या, नळ, भिंतींवरच्या निवडणुकीच्या जाहिराती, सगळे जागच्या जागी आहे. एखादे शहर जसे पायी फिरून कळते तसेच हेही कळते, आणि त्यासाठी गाइडपेक्षा वेळ, नकाशा आणि थोडी आधीची तयारी जास्त कामाला येते. माझे मत स्पष्ट आहे: पॉम्पेईला पूर्ण दिवस द्या, आणि त्याच्या आदल्या दिवशी नेपल्सचे संग्रहालय पाहा.

आधी संग्रहालय का?

पॉम्पेईत 1748 मध्ये उत्खनन सुरू झाले आणि तेव्हापासून सापडलेल्या उत्तमोत्तम वस्तू राजाच्या संग्रहात, म्हणजेच पुढे नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात गेल्या. त्यामुळे घरे पॉम्पेईत आहेत आणि घरांतली चित्रे, भांडी, पुतळे नेपल्समध्ये. आधी भग्नावशेष पाहिले तर रिकाम्या खोल्या दिसतात आणि त्यात काय होते ते कळत नाही. आधी संग्रहालय पाहिले तर दुसऱ्या दिवशी प्रत्येक रिकाम्या भिंतीवर काहीतरी आठवते.

संग्रहालयाला तीन-चार तास लागतात. ते मंगळवारी बंद असते, त्यावरून दोन्ही दिवस ठरवा. अलेक्झांडर आणि इराणचा राजा दारियस यांच्या लढाईचे प्रसिद्ध मोझेक इथलेच, दहा लाखांहून अधिक बारीक खड्यांचे. त्याच्या जतनाचे मोठे काम 2021 मध्ये हाती घेतले गेले, म्हणून ते कितपत पाहता येईल ते निघण्यापूर्वी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

मराठी माणसाने मात्र आणखी एका वस्तूसाठी थांबायलाच हवे. 1938 मध्ये पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांना पॉम्पेईतल्या एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. उंची जेमतेम वीतभर, अंगावर भरपूर दागिने, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटले गेले, आता बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात. तिच्या पायथ्याशी खरोष्ठी या प्राचीन लिपीतले अक्षर कोरलेले आहे. तिच्याशी शैलीने जवळ असलेल्या हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सापडल्या आहेत, त्यामुळे ती सातवाहनांच्या दख्खनमधून गेली असावी असे अनेकांना वाटते. याच काळातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी प्रवासवृत्तात पैठण आणि तगर, म्हणजे तेर, इथून गाड्या भरून माल भडोचच्या बंदराला जात असल्याची नोंद आहे. मूर्ती संग्रहालयाच्या 'गुप्त दालना'त ठेवलेली असते. पॉम्पेईतल्या शृंगारिक वस्तूंचे हे दालन आहे. मुले बरोबर असतील तर तिथे काय आहे हे आधी जाणून मगच आत जा, आणि दालन त्या दिवशी उघडे आहे का हे दारातच विचारा.

केव्हा जायचे

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 35 अंशांच्या वर जातो आणि पॉम्पेईत सावली फार थोडी आहे, कारण घरांना छपरेच नाहीत. हिवाळ्यात गर्दी कमी असते, पण दिवस लहान. एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी 9 ते संध्याकाळी 7, नोव्हेंबर ते मार्च 9 ते 5, आणि शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या दीड तास आधी, अशी साधारण वेळ असते. 25 डिसेंबर आणि 1 जानेवारी बंद. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असतो, पण त्या दिवशीची गर्दी पाहता तिकिटाचे पैसे वाचवण्यापेक्षा दुसरा दिवस निवडणे शहाणपणाचे.

इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो. सुट्टीच्या हंगामात भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून तो आधी आणि बाकी सगळे नंतर.

तिकीट

नोव्हेंबर 2024 पासून पॉम्पेईत दिवसाला जास्तीत जास्त 20,000 लोकांना प्रवेश मिळतो आणि तिकिटावर नाव असते. म्हणजे दोन गोष्टी करायच्या: तिकीट आधी ऑनलाइन काढायचे आणि मूळ पासपोर्ट बरोबर ठेवायचा. तिकीट पॉम्पेईच्या पुरातत्त्व उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावरून दिलेल्या दुव्यानेच काढा. शोधयंत्रात वर दिसणारी अनेक पाने मध्यस्थांची असतात आणि तेच तिकीट चढ्या भावाने विकतात. स्टेशनबाहेर 'माहिती केंद्र' असा फलक लावून टूर विकणारेही भेटतील. त्यांच्याकडे न वळता सरळ प्रवेशद्वारी जा.

तिकिटाचे मुख्य दोन प्रकार. 'पॉम्पेई एक्सप्रेस'मध्ये फक्त तटबंदीच्या आतले शहर, 'पॉम्पेई प्लस'मध्ये तटाबाहेरचे व्हिला, त्यात व्हिला ऑफ द मिस्टरीजही. फरक चार-पाच युरोंचा आहे. प्लसच घ्या. त्या एका व्हिलासाठी हे पैसे सार्थकी लागतात. दोन्ही तिकिटे वीस युरोंच्या आसपास असतात. नेमकी किंमत अधिकृत पानावर पाहा. 18 वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे, पण त्यांचाही पासपोर्ट लागतो.

मोठी बॅग आत नेता येत नाही. मर्यादा 30 × 30 × 15 सेंटिमीटरची आहे. सामान प्रवेशद्वाराशी मोफत ठेवता येते, पण दुसऱ्या दाराने बाहेर पडणार असाल (आणि मी तेच सुचवणार आहे) तर ते घ्यायला परत यावे लागेल. म्हणून मोठ्या बॅगा नेपल्सच्या हॉटेलातच ठेवा.

गाडी आणि स्टेशनांचा घोळ

रोमहून नेपल्स वेगवान गाडीने साधारण सव्वा तास. नेपल्सहून पॉम्पेईला जाणारी स्थानिक रेल्वे 'चिर्कुमवेसुव्हियाना' मुख्य स्टेशनाच्या खालच्या मजल्यावरच्या गारिबाल्दी स्थानकातून सुटते. ती आदल्या पोर्ता नोलाना स्थानकातून भरून येते. बसायला जागा हवी असेल तर थोडे चालून पोर्ता नोलानालाच जा.

पॉम्पेई नावाची तीन स्टेशने आहेत आणि नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो. सोरेंतोच्या गाडीने गेलात तर 'पॉम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी' हे स्टेशन लागते, पश्चिमेकडच्या पोर्ता मरिना दारापासून दोन-तीन मिनिटांवर. पोज्जोमारिनोच्या गाडीने गेलात तर 'पॉम्पेई सांतुआरिओ' लागते, ते पूर्वेला आधुनिक गावात, अँफिथिएटरच्या, म्हणजे खेळांच्या खुल्या रिंगणाच्या, बाजूला. सरकारी रेल्वेचे नुसते 'पॉम्पेई' नावाचे स्टेशनही गावाच्याच बाजूला. तिन्ही बरोबर आहेत, फक्त कुठल्या दाराने आत जायचे त्यावर निवडायचे. गाडीत शिरण्यापूर्वी पाटीवर शेवटचे स्थानक वाचा. गर्दीत पाकीट आणि मोबाइल पुढच्या खिशात ठेवा. या मार्गावर खिसेकापूंची तक्रार जुनी आहे.

पत्ता वाचायला शिका

गाइडशिवाय फिरण्याची खरी किल्ली ही. एकोणिसाव्या शतकात जुझेप्पे फिओरेल्ली या पुरातत्त्वज्ञाने शहराचे नऊ विभाग केले, प्रत्येक विभागात घरांच्या चौकोनांना क्रमांक दिले आणि प्रत्येक दाराला क्रमांक दिला. रस्त्याच्या कोपऱ्यांवर विभाग आणि चौकोनाच्या पाट्या आहेत, दारांवर छोटे आकडे आहेत. ती भारतीय मूर्ती सापडली ते घर म्हणजे I.8.5: विभाग पहिला, चौकोन आठवा, दार पाचवे. एवढे समजले की हातातला मोफत नकाशा बोलू लागतो आणि वाट चुकली तरी दोन मिनिटांत आपण कुठे आहोत ते कळते.

नकाशा प्रवेशद्वारी मागून घ्या, शिवाय अधिकृत संकेतस्थळावरचा आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. तिथेच कोणती घरे कुठल्या वारी उघडी असतात त्याची यादी असते. सगळी घरे रोज उघडी नसतात. ज्या घरांसाठी तुम्ही खास जाणार आहात, ती आधी यादीत तपासा.

मार्ग: पूर्वेकडून पश्चिमेकडे

टूरचे बहुतेक गट पोर्ता मरिनाने आत येतात आणि सकाळी फोरमवर एकमेकांच्या पायांवर उभे राहतात. म्हणून उलटे जा. पियात्सा अँफिथिएत्रो या पूर्वेच्या दाराने बरोबर नऊला आत शिरा आणि दिवसाअखेर पश्चिमेच्या टोकाला व्हिला ऑफ द मिस्टरीजला बाहेर पडा.

सुरुवात अँफिथिएटरने. इसवी सन पूर्व 70 च्या सुमाराचे, दगडी बांधणीच्या आजवर टिकलेल्या अँफिथिएटरांमध्ये सर्वांत जुने, सुमारे 20,000 लोकांचे. रोमच्या कोलोसियमच्याही दीडशे वर्षे आधीचे. याच्या बाहेरचे जिने बघा: आतली रचना अजून विकसित झालेली नव्हती, म्हणून लोक बाहेरून चढून वर जात. इसवी सन 59 मध्ये इथे पॉम्पेईकर आणि शेजारच्या नुसेरियाचे लोक यांच्यात मोठी दंगल झाली आणि रोमने दहा वर्षे इथल्या खेळांवर बंदी घातली. त्या दंगलीचे भित्तिचित्र तुम्ही आदल्या दिवशी संग्रहालयात पाहिलेले असेल.

तिथून दक्षिणेच्या तटाजवळ 'गार्डन ऑफ द फ्युजिटिव्ह्ज', जिथे 13 माणसांचे साचे आहेत. इथे घाई करू नका. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसने आधी कित्येक तास हलक्या दगडांचा पाऊस पाडला, छपरे कोसळली. मग दुसऱ्या दिवशी तापलेली राख आणि वायूचे लोट आले. राखेत गाडली गेलेली शरीरे कुजून पोकळ्या उरल्या. 1863 मध्ये फिओरेल्लीने अशा पोकळ्यांत प्लास्टर ओतायला सुरुवात केली आणि गाडली गेलेली माणसे पुन्हा दिसू लागली. पाटीवर लिहिलेल्या नात्यांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दुसऱ्या एका घरातली, सोन्याचे कडे घातलेली आणि कडेवर मूल असलेली 'आई' प्रत्यक्षात पुरुष निघाली आणि त्या मुलाशी तिचे रक्ताचे नाते नव्हते. काचेपलीकडे खऱ्या माणसांचे शेवटचे क्षण आहेत. समोर उभे राहून हसरे सेल्फी काढणारे दिसतील. तुम्ही काढू नका.

आता व्हिया देल'अब्बोंदान्त्सा या मुख्य रस्त्यावर या आणि पश्चिमेकडे चालू लागा. संपूर्ण पॉम्पेईत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा रस्ता, आणि गट नेमके याच्यावरून भरभर जातात. खाली पाहा: काळ्या लाव्हाच्या फरसबंदीत गाडीच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत. मध्ये उभ्या ठोकळ्यांवरून लोक घाण आणि पाणी टाळून रस्ता ओलांडत, आणि ठोकळ्यांमधले अंतर गाडीचा दांडा व चाके पार होतील इतके ठेवलेले आहे. उंबरठ्यांवर लांब खाच दिसली तर ते दुकान समजा, खाचेत लाकडी फळ्या सरकवून ते बंद होई. कारंज्याच्या काठावर एखादी जागा गुळगुळीत झिजलेली दिसेल. पाणी पिताना टेकलेल्या हातांनी ती झिजली आहे. भिंतींवर लाल रंगातली निवडणुकीची आवाहने आहेत, अमुकाला मत द्या अशी.

याच रस्त्यावर I.8 मध्ये वेतुतिउस प्लाचिदुसचे खाद्यपदार्थांचे दुकान आहे. रंगीत दगडांचा कट्टा आणि त्यात पुरलेली मोठी भांडी. मागच्या भिंतीवर देवघर रंगवले आहे, कुलदेवता, व्यापाराचा देव मर्क्युरी, मद्याचा बाक्खुस आणि खाली दोन साप. त्यातल्या एका भांड्यात नाण्यांचा मोठा साठा सापडला. दुकान आणि त्या भारतीय मूर्तीचे घर एकाच चौकोनात आहेत, म्हणजे मूर्तीचा मालक इथून रोज जात-येत असणार. त्या घराचे दार बंद असले तरी I.8.5 समोर मिनिटभर उभे राहा. थोडे पुढे स्टेफानुसची धोबीशाळा, जिथे कपडे धुण्यासाठी मूत्र वापरत.

घरात शिरलात की मांडणी लगेच ओळखीची वाटेल. दारातून आत अरुंद बोळ, मग वरून उघडा चौक, मध्ये पावसाचे पाणी साठवणारे कुंड, भोवती खोल्या, आणि मागे खांबांच्या ओवऱ्यांची बाग: आपल्या दोन चौकी वाड्याचीच ही रोमन बहीण. फरक इतकाच की इथे चौकापलीकडची दर्शनी खोली मालकाच्या बैठकीची असे, आणि ती रस्त्यावरून मुद्दाम दिसेल अशी ठेवलेली असे.

व्हिया स्ताबियानावर डावीकडे वळून दोन्ही नाट्यगृहे आणि इसिस या इजिप्शियन देवीचे देऊळ पाहा. नाट्यगृहे भव्य आहेत, पण देऊळ जास्त बोलते. 62 सालच्या भूकंपात पडलेले हे देऊळ पुन्हा बांधल्याचे श्रेय शिलालेखात नुमेरिउस पोपिदिउस चेल्सिनुस या सहा वर्षांच्या मुलाला दिले आहे. त्याचा बाप मुक्त केलेला गुलाम होता आणि त्याला स्वतःला नगरसभेत जागा मिळू शकत नव्हती, म्हणून मुलाच्या नावाने पुण्य आणि प्रतिष्ठा दोन्ही घेतली.

परत येऊन स्ताबियन स्नानगृहे. जमिनीखाली गरम हवा खेळवायच्या विटांच्या खांबांची रचना इथे चांगली दिसते. जवळच लुपानार, म्हणजे वेश्यागृह. रांग मोठी असेल तर सोडून द्या. अरुंद, अंधाऱ्या खोल्या आणि दगडी बिछाने, आणि तिथे राबलेल्या बहुतेक स्त्रिया गुलाम होत्या.

दुपार होत आली की फोरमवर पोहोचाल. ज्युपिटरच्या देवळामागे व्हेसुव्हियस दिसतो तो फोटो इथलाच. फोरमजवळच उपाहारगृह आणि स्वच्छतागृह आहे. स्वच्छतागृहे मोजकीच आहेत, दिसले की वापरून घ्या. शाकाहारींनी दशम्या, चिवडा, फळे अशी शिदोरी जवळ ठेवावी, पण घरांच्या आत खाऊ नये. पाण्याची बाटली रस्त्यांवरच्या नळांवर पुन्हा भरता येते, त्यांना पिण्याचे पाणी येते. नेपल्सला परतल्यावर 'मारिनारा' पिझ्झा मागा. टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि तेल एवढेच त्यात असते.

फोरमच्या उत्तरेला श्रीमंतांची घरे. हाउस ऑफ द फॉन जवळजवळ 3,000 चौरस मीटरचे, अलेक्झांडरचे मोझेक इथल्याच जमिनीवर होते. आता तिथे प्रतिकृती आहे. हाउस ऑफ द वेत्ती वीस वर्षे बंद राहून जानेवारी 2023 मध्ये पुन्हा उघडले. दोन भाऊ, बहुधा दोघेही मुक्त झालेले गुलाम, व्यापारात श्रीमंत झाले आणि त्यांनी भिंत न भिंत चित्रांनी भरून टाकली. दारातच प्रियापुस या सुफलतेच्या देवाचे निःसंकोच चित्र आहे, मुलांना काय सांगायचे ते ठरवून ठेवा. रांग लागते, पण या रांगेत उभे राहण्यात तोटा नाही. हाउस ऑफ द ट्रॅजिक पोएटच्या उंबरठ्यावर साखळीतला कुत्रा आणि 'कुत्र्यापासून सावध' ही पाटी मोझेकमध्ये आहे. व्हिया कोन्सोलारेवर बेकरी दिसेल: लाव्हाची जाती, जी गाढवे किंवा गुलाम फिरवत, आणि शेजारी भट्टी.

शेवटचा टप्पा

हर्क्युलेनियम दरवाजातून बाहेर पडले की दोन्ही बाजूंना थडग्यांचा रस्ता लागतो, कारण रोमन लोक मृतांना गावाबाहेर ठेवत. तिथून दहा-पंधरा मिनिटांवर व्हिला ऑफ द मिस्टरीज. भिंतींवर लाल पार्श्वभूमीवर रंगवलेल्या, जवळजवळ माणसाच्या उंचीच्या आकृत्या खोलीभर फिरतात. बहुतेकांच्या मते हा डायोनिसस या मद्याच्या देवाच्या (म्हणजे बाक्खुसच्या) गुप्त दीक्षेचा विधी आहे. व्हिला मुख्य शहराच्या आधी बंद होऊ शकतो, त्यामुळे इथे पोहोचणे शेवटच्या तासावर ढकलू नका. दुपारी साडेतीनपर्यंत फोरम सोडले तर निवांत पाहता येते. इथूनच बाहेर पडता येते, आणि एकदा बाहेर पडलात की परत आत जाता येत नाही. खाली उतरत दहा मिनिटांत 'पॉम्पेई स्कावी' स्टेशन.

वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर

फरसबंदी उंचसखल आहे, पावसात निसरडी होते. पकड असलेले बूट, टोपी आणि काठी बरोबर हवी. पियात्सा अँफिथिएत्रोपासून सुरू होणारा साडेतीन किलोमीटरच्या आसपासचा 'सर्वांसाठी पॉम्पेई' हा मार्ग चाकाची खुर्ची, बाबागाडी आणि गुडघेदुखीवाल्यांसाठी सपाट केलेला आहे. तो धरलात तर व्हिला सोडावा लागेल, पण मुख्य रस्ता आणि फोरम होतात.

गुडघे फारच कुरकुरत असतील तर पॉम्पेईऐवजी हर्क्युलेनियम निवडा. त्याच रेल्वेवर 'एर्कोलानो स्कावी' स्टेशन, तिथून उताराने दहा मिनिटे. अवशेष लहान आहेत, तीन तासांत पाहून होतात, आणि घट्ट झालेल्या ज्वालामुखी थरामुळे तिथे वरचे मजले आणि लाकडी दारे-तुळयाही टिकल्या आहेत. दोन्ही एका दिवशी करायचा मोह टाळा. व्हेसुव्हियसच्या मुखाशी चढायचे असेल तर तोही वेगळा दिवस, आणि त्याचेही तिकीट आधी ऑनलाइन.